विरोधी मताचीही नोंद ठेवा : ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समित्यांचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे शहर

स.न.वि.वि.

वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवस जवळ आले आहेत. कायद्यानुसार ३० सप्टेंबरच्या आत ही सभा घ्यावी लागत असल्यामुळे गणपतीच्या पुढचे-मागचे रविवार बहुतेक संस्थांत तिच्यासाठीच राखलेले असतात. चौदा दिवस आधी नोटीस निघते, विषयपत्रिका सूचना फलकावर लागते आणि हिशेबपत्रकांच्या प्रती दाराखालून घरात सरकवल्या जातात. हाच मुहूर्त साधून हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, सभा संपल्यानंतर जे इतिवृत्त लिहिले जाते त्यात जवळजवळ प्रत्येक विषयाखाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद असते आणि ती खरी आहे का, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. नौपाड्यातील सोळा बिऱ्हाडांच्या एका जुन्या इमारतीत मी काही वर्षे सचिव होते, आता घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलात राहते. दोन्ही ठिकाणची इतिवृत्ते माझ्या वाचनात आहेत. सोळा घरांचे एखाद्या विषयावर खरोखर एकमत होऊ शकते, तसे ते होताना मी पाहिलेही आहे. शेकडो सदनिकांच्या संकुलात मात्र पार्किंगपासून पाण्याच्या टँकरपर्यंत प्रत्येक बाबतीत वर्षानुवर्षे एकमतच होत असेल, तर त्या संस्थेत माणसे बोलायची थांबली आहेत, असे मी समजते.

एका सभेचा प्रसंग सांगते. संस्था कोणती, हे सांगण्याची गरज नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ती आपलीच वाटेल. स्टिल्टमधल्या गाड्या बाहेर काढून भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, मागच्या बाजूला चहाचा थर्मास आणि वड्यांचे पुडे आलेले होते आणि विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता. तीन ठेकेदारांची कोटेशने आली होती व त्यांतले सर्वांत कमी रकमेचे स्वीकारावे, अशी समितीची शिफारस होती. गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तिन्ही कागद मागून घेतले, चष्मा कपाळावर सरकवून ते एकापुढे एक धरले आणि म्हणाल्या, ‘‘तिन्ही कोटेशनांत आपल्या पिन कोडचा शेवटचा आकडा चुकलेला आहे, आणि तो एकसारखाच चुकलेला आहे. हे तिन्ही कागद एकाच ठिकाणी तयार झालेत का, एवढंच मला विचारायचंय.’’ क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग अध्यक्ष म्हणाले, ‘‘बाई, पाणी गच्चीतून गळतंय, पिन कोडमधून नाही!’’ यावर मोठा हशा पिकला आणि त्या हशात प्रश्न वाहून गेला. सूचक झाले, अनुमोदक झाले, ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ असे विचारल्यावर हात वर झाले. बाईंनी हात वर केला नव्हता. इतिवृत्तात त्यांचा प्रश्नही नाही आणि त्यांचा न उठलेला हातही नाही. तेथे ठराव सर्वानुमते मंजूर झालेला आहे.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सभेनंतर लिफ्टपाशी चार-पाच सभासदांनी बाईंना गाठून सांगितले, की ‘बरं झालं तुम्ही बोललात, आम्हालाही ते खटकलंच होतं.’ यांपैकी एक जण मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात काम करणारे होते, म्हणजे कोटेशने पडताळणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, असे गृहस्थ. सभेत ते तिसऱ्या रांगेत बसले होते आणि त्यांचा हात वर होता.

अध्यक्षांनी काही गैर केले होते, असे मी म्हणत नाही. संस्थेने ठेकेदारांना पाठवलेल्या मूळ पत्रातच पिन कोड चुकला असेल आणि तिघांनी तो जसाच्या तसा उतरवला असेल, हेही पूर्ण शक्य आहे. ते मूळ पत्र फाइलमधून काढून दाखवले असते तर दोन मिनिटांत शंका मिटली असती आणि समितीची प्रतिष्ठा वाढली असती. प्रश्नाला उत्तराऐवजी हशा मिळाला, त्यामुळे शंका मिटली नाही. सभेतून निघून ती लिफ्टमध्ये गेली आणि तेथून घराघरांत पोहोचली.

खरेदी विभागातल्या त्या गृहस्थांना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. आपल्या शहरात गृहनिर्माण संस्था ही केवळ मालमत्तेची व्यवस्था राहिलेली नाही. गाव सुटले, चाळ सुटली, नातेवाईक डोंबिवलीपासून बोस्टनपर्यंत पांगले, तेव्हा रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर दार वाजवायचे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर समोरचे बिऱ्हाड हेच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात घरी परतू न शकलेल्यांच्या मुलांना शेजाऱ्यांनी जेवू घातले, २०२० च्या टाळेबंदीत संस्थांनी भाजीचे टेम्पो फाटकापर्यंत आणवले आणि आजारी घरांच्या दाराशी डबे ठेवले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा समूहातून बाहेर पडल्यासारखे वाटणे कोणालाच परवडत नाही. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे: सदनिका विकायची तर ना-हरकत पत्र, भाडेकरू ठेवायचा तर सूचना, नूतनीकरण करायचे तर परवानगी, दुसरी गाडी घेतली तर तिला जागा, या प्रत्येक कामासाठी सभासदाला समितीच्या दारात यावे लागते. गच्चीच्या ठेक्यावर प्रश्न विचारून पार्किंगची जागा धोक्यात घालावी का, असा हिशेब माणूस मनातल्या मनात करतो आणि गप्प बसतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. तो त्याला करावा लागतो, ही चूक आहे आणि ती दुरुस्त करणे समितीच्या हातात आहे.

समूहासमोर माणसाचे मत कसे वाकते, याचा अभ्यास करणारा एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. सॉलोमन अॅश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. एका रेषेएवढ्या लांबीची रेषा तीन रेषांतून ओळखायची, इतके सोपे काम होते. एकट्याने करताना लोक त्यात क्वचितच चुकत. मात्र खोलीतले बाकीचे सर्व जण, जे आधीच पढवलेले होते, एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले की सुमारे एक-तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमताकडे झुकत. या प्रयोगाचा एवढाच भाग सहसा सांगितला जातो. आपल्या कामाचा भाग त्याच्या पुढच्या फेऱ्यांत आहे. खोलीतल्या एका जरी माणसाने बरोबर उत्तर दिले, तर बहुमतामागे जाण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर येई. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायची मुभा असली, तरीही ते बरेच घटे. माणसे तीच, रेषाही त्याच, फक्त उत्तर घेण्याची रीत वेगळी. सभासदांना धीट बनवण्याचे प्रवचन देण्यापेक्षा सभेची रीत बदलणे किती सोपे आहे, हे यावरून दिसते.

लष्करासारख्या शिस्तीच्या संस्थेलाही हे फार पूर्वीच उमगलेले आहे. आपल्या भूदलाच्या लष्करी न्यायालयात निर्णयासाठी सदस्यांची मते घेताना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात करावी, असा नियम आहे, कारण वरिष्ठाने आधी तोंड उघडले की त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला स्वतःचे मत उरत नाही. आपल्या सभांत नेमके उलटे घडते. अध्यक्ष प्रथम विषय मांडतात, समितीची पसंती सांगतात, खर्चाची घाई सांगतात आणि मग विचारतात, ‘कोणाला काही बोलायचंय?’

मोठ्या संकुलांत एक अडचण आणखी आहे. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २० सभासद, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, एवढीच आहे. म्हणजे ४०० सदनिकांच्या संस्थेतही २० माणसे जमली की सभा कायदेशीर होते, आणि तेवढीही जमली नाहीत तर तहकूब होऊन त्याच दिवशी पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव बहुधा नवऱ्याचे असल्याने दिवसभर इमारतीत वावरणाऱ्या, पाणी किती वाजता जाते आणि कोणती लिफ्ट अडकते हे नेमके ठाऊक असणाऱ्या अनेक बायकांना मतच नसते, हा आणखी वेगळा विषय. उरलेल्यांची संमती व्हॉट्सअॅप समूहावरच्या अंगठ्यांत मोजली जाते. एखाद्या प्रस्तावाखाली सकाळी साडेसातला पहिले सात-आठ अंगठे उमटले की आठव्या मजल्यावरच्या माणसाने वेगळे मत लिहावे तरी कसे? काही समूहांत फक्त अॅडमिनलाच लिहिता येते; काहींत अवघड प्रश्न विचारणाऱ्याला ‘हा समूह फक्त सूचनांसाठी आहे’ असे सांगितले जाते, आणि त्याच समूहावर सुप्रभातच्या फुलांना कोणाचीच हरकत नसते.

हे सर्व वॉटरप्रूफिंगपुरते असते तर मी पत्र लिहिले नसते. नौपाडा, पाचपाखाडी, चरई या भागांतल्या कितीतरी जुन्या इमारती आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळमधल्या सिडकोने बांधलेल्या इमारतींतही हीच चर्चा चालू आहे. येथे निर्णय माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचा असतो. राज्य सरकारने ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी लागणारे बहुमत ५१ टक्क्यांवर आणले. मूठभरांच्या अडवणुकीमुळे धोकादायक इमारती रखडू नयेत, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु बहुमताचा उंबरठा खाली आला की उरलेल्या ४९ टक्क्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची जबाबदारी वाढते, आणि प्रत्यक्षात तेच कमी झाले आहे. बँक हमी किती रकमेची आहे, संक्रमणकाळाचे भाडे थकले तर काय करायचे, कराराचा मसुदा संस्थेच्या वकिलाने वाचला की विकासकाच्या, हे विचारणाऱ्या सभासदाला एका बाजूने ‘विकासविरोधी’ म्हटले जाते. प्रस्तावाच्या बाजूने बोलणारा दुसऱ्या बाजूला ‘बिल्डरचा माणूस’ ठरतो. एकदा अशी दोन नावे रूढ झाली की प्रश्न कोणता होता, याकडे कोणी पाहत नाही. तो कोणाच्या तोंडून आला, एवढेच पाहिले जाते. हळदीकुंकवाची बोलावणी चुकू लागतात, गणपतीच्या वर्गणीची पावती घेऊन येणारी मुले एक दार गाळून पुढे जातात.

जात पंचायती आणि गावकी यांच्याकडून होणाऱ्या वाळीत टाकण्याच्या प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शेजारच्या रायगड जिल्ह्यातून त्या काळात आलेल्या तक्रारी आपण वाचल्या असतील: किराणा बंद, बोलणे बंद, अंत्ययात्रेला खांदा द्यायला माणूस नाही. गृहनिर्माण संस्थेतला अबोला त्या क्रौर्याच्या पंगतीला बसवणे अतिशयोक्तीचे होईल आणि त्या पीडितांवर अन्याय करणारेही होईल. तरीही, सुशिक्षित शहरात आपण गावकी मागे सोडून आलो, अशी जी आपली समजूत आहे, ती मला फारशी भक्कम वाटत नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण समित्यांतली बहुतेक माणसे विनावेतन राबतात आणि त्यांचा छळ कसा होतो, हे सचिवपदावर बसून मी पाहिले आहे. प्रत्येक संस्थेत एखादा असा सभासद असतोच, जो देखभाल शुल्क थकवून माहितीचे अर्ज करतो, चहाच्या बिलावरून उपनिबंधक कार्यालयात तक्रार नेतो आणि आपण एकटेच स्वतंत्र बुद्धीचे आहोत, बाकी सारी मेंढरे आहेत, असे समजतो. विरोध करणे आणि विचार करणे यांत फरक आहे. यूट्यूबवर एकाच सुरात बोलणाऱ्या चार जणांना ऐकून सभेत ताडताड बोलणारा माणूस समूहामागे जात नाही असे नाही. त्याचा समूह इमारतीबाहेर असतो, एवढेच. पिन कोड दाखवणाऱ्या बाई आणि हे गृहस्थ यांना एकाच मापाने मोजले जाते, हे मला खटकते. दोघांतला फरक ओळखण्याची साधी खूण अशी की, बाईंना कागद दाखवला असता तर त्यांचे समाधान झाले असते.

आता समिती सदस्यांच्या स्वतःच्या हिताची एक गोष्ट. समितीने घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी तिच्या सदस्यांवर संयुक्तपणे आणि व्यक्तिशः येते, हे आपण जाणता. याच सहकार कायद्यात अशीही तरतूद केलेली आहे, की ज्या सदस्याला एखादा निर्णय मान्य नसेल त्याने आपले विरोधी मत बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवले, तर त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. हवे असल्यास त्याने सात दिवसांत निबंधकांनाही ते लेखी कळवावे. म्हणजे कायदा विरोधी मताला फूट किंवा बेशिस्त मानत नाही, त्याची नोंद होईल असे गृहीत धरतो आणि ती करणाऱ्याला संरक्षण देतो. तरीही समितीच्या बैठकीत ‘आपण सगळे एक आहोत ना, मग कशाला लिहायचं?’ असे म्हणून तो कागद कोरा ठेवण्याची पद्धत आहे. एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांनी तर तो आधी लिहायला हवा.

नोंद केल्याने उपयोग काय, बहुमत तर झालेच, असे विचारणाऱ्यांना मी सर्वोच्च न्यायालयाचा एक दाखला देते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. ते एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. पुढच्याच जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्यांचे निकालपत्र मात्र दप्तरात राहिले. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चे बहुमत चुकीचे ठरवले आणि खन्ना यांची बाजू उचलून धरली; त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, ज्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड १९७६ च्या त्या बहुमतात होते. आपल्या गच्चीचा ठेका आणि नागरिकाचे स्वातंत्र्य यांची बरोबरी मी करत नाही. मात्र तीन वर्षांनी गच्ची पुन्हा गळू लागेल, तेव्हा नवी समिती जुने इतिवृत्त काढील आणि त्यात तिला एकही शंका सापडणार नाही, तर ती तोच ठेकेदार पुन्हा बोलावील.

म्हणून या वर्षीच्या सभेसाठी माझी मागणी मर्यादित आणि बिनखर्चाची आहे. मोठ्या खर्चाच्या ठरावांवर आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक टप्प्यावर हात वर करून घेण्याऐवजी चिठ्ठीने मत घ्या. समितीची निवडणूक गुप्त मतदानाने होते, तर तिच्या हातून लाखो रुपये खर्च करणाऱ्या ठरावांना तीच पद्धत जड जाऊ नये. विषय मांडून झाल्यावर आधी सभासदांना बोलू द्या, त्यातही नव्याने राहायला आलेल्यांना आणि मागच्या रांगेतल्यांना, आणि अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. इतिवृत्तात बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, हे आकडे लिहा, आणि विरोध करणाऱ्याने कारण दिले असेल तर ते त्याच्याच शब्दांत दोन ओळींत लिहा. उपस्थितीच्या वहीतली सही ही ठरावाला संमती म्हणून कुठेही वापरू नका. इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवून त्यावर त्यांची निरीक्षणे मागवण्याची तरतूद उपविधींत आहेच, ती पाळली जावी. आणि उत्तर हाताशी नसेल तर अध्यक्षांनी ‘पुढच्या पंधरा दिवसांत लेखी कळवतो’ असे सांगून खरोखर कळवावे.

यासाठी उपविधी बदलण्याची आवश्यकता नाही. सभेच्या सुरुवातीलाच एक कार्यपद्धतीचा ठराव पुरेसा आहे. आमच्या संकुलाच्या येत्या सभेत तो मी मांडणार आहे. त्याचा मसुदा समितीकडे लेखी दिलेला असून पोच घेतली आहे. त्या ठरावावरचे मतदानही चिठ्ठीने घ्यावे, अशी विनंती मी सोबत जोडली आहे, आणि तो फेटाळला गेला तर बाजूने पडलेल्या मतांचा आकडा इतिवृत्तात यावा, एवढी अपेक्षा आहे.

कळावे,

आपली,
एक सभासद, ठाणे (पश्चिम)